आईच्या वहीतल्या सात ऑर्डरी

२०१६ च्या उन्हाळ्याचं खूप दिवसांपासून लिहायचं होतं. लातूरची आहे असं सांगितलं की आजही लोक विचारतात, ते रेल्वेने पाणी आलं होतं तेच ना? हो तेच. पण माझ्यासाठी तो उन्हाळा पाण्याच्या रेल्वेचा जेवढा आहे तेवढाच कुरडयांचा आहे, आणि त्याहून जास्त अप्पांचा, माझ्या वडिलांचा, आहे.

आई जानेवारीत गेली. डोक्यात रक्तस्राव झाला, तीन दिवस आयसीयूत होती आणि चौथ्या दिवशी सकाळी संपलं. माझी दहावी होती. मार्चमध्ये परीक्षा कशी दिली ते मला आठवतच नाही, फक्त एवढं आठवतं की भूमितीच्या पेपरच्या दिवशी अप्पांनी डब्यात पोळीचा लाडू दिला होता आणि त्यात गूळ इतका होता की हात चिकट झाले आणि पेपरला डाग पडला. अप्पा मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. वीस वर्षं तूर, सोयाबीन, हरभऱ्याच्या पट्ट्या लिहिणारा माणूस, स्वयंपाकघरात पाणी प्यायला यायचा तेवढाच. आई गेल्यावर ते रोज पहाटे उठून पोळ्या करायला लागले, नकाशे व्हायचे, पण मला लाटू द्यायचे नाहीत, अभ्यास कर म्हणायचे.

परीक्षा संपली आणि मी आईचं कपाट आवरायला घेतलं. कुणीतरी आवरायलाच हवं होतं. त्यात वरच्या खणात तिची वही सापडली, दोनशे पानी, कव्हरवर गणपती. आई दर उन्हाळ्यात वाळवणाच्या ऑर्डरी घ्यायची, कुरडया, शेवया, खारवड्या, आणि कुरडयांच्या ऑर्डरी तर दिवाळीतच यायला सुरुवात व्हायची. शेवटच्या पानावर सात नावं होती, समोर किलो आणि त्यासमोर ॲडव्हान्स. एकूण नऊ किलो, तेराशे पन्नास रुपये जमा. मी वही अप्पांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं, बेरीज दोनदा केली, आईची बेरीज बरोबर होती, आणि म्हणाले, "पैसे परत करून येऊ. उद्याच."

पण कोठीत गहू होता. पंचवीस किलो लोकवन, आईने दिवाळीनंतर घेऊन, ऊन दाखवून, एकेक दाणा निवडून, कडुनिंबाचा पाला घालून भरून ठेवलेला, खास कुरडयांसाठी. मी अप्पांना कोठीचं झाकण उघडून दाखवलं. पाला वाळून त्याचा चुरा झाला होता. अप्पांनी ओंजळभर गहू काढला, बोटांनी चाळला, त्यात एक खडा सापडत नव्हता. आडतीवर माल बघायची सवय त्यांना, ते म्हणाले, "एवढा स्वच्छ माल यार्डात येत नाही." मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "कुरडया कशा करतात तुला येतं का?"

मला येत नव्हतं. मला येतं असं वाटायचं, कारण दरवर्षी मी तिथे असायचे, पण माझं काम ठरलेलं, चीक ओतायचा आणि वाळत घालताना कावळे हाकलायचे. बाकी सगळं आईच्या डोक्यात. वहीत नावं होती, पैसे होते, कृती एका ओळीची नव्हती.

आता कुरडई ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुरडईला सगळ्यात जास्त काय लागत असेल तर पाणी. गहू तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास सुटतो. मग वाटायचा, वाटलेला गहू पाण्यात कालवून पिळून पिळून त्यातला पांढरा चीक काढायचा, तो गाळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी वर आलेलं पिवळट पाणी ओतून द्यायचं आणि खाली बसलेला घट्ट चीक जेवढा भरेल तेवढंच पाणी आधणाला ठेवून शिजवायचा. आणि हे आम्ही करायला निघालो होतो २०१६ मध्ये, लातूरमध्ये.

त्या वर्षी मांजरा धरण कोरडं होतं. नळ बंद होते. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं व्हायला लागली म्हणून मार्चमध्येच टाक्यांभोवती कलम १४४ लागलं होतं, पाण्यासाठी जमावबंदी. पाडवा ८ एप्रिलला होता, आमच्याकडे गुढी नव्हतीच, पण गल्लीतही बऱ्याच जणांनी सण कोरडाच केला. मग १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. अख्खं गाव बघायला लोटलं होतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. तरी आमच्या गल्लीत टँकर यायचा तो आठ-दहा दिवसांनी, आणि घरटी एक दोनशे लिटरचा ड्रम भरला की पुढचं घर. दोघांत तेवढंच. मधे कमी पडलं तर जार विकत.

अप्पांनी काय केलं असेल तर पाण्याची खतावणी काढली. खरंच. आडतीवरची जुनी लाल वही होती, तिच्यात डावीकडे आलेलं पाणी आणि उजवीकडे खर्च. पाच किलो गव्हाच्या एका घाण्याला किती लागेल ते त्यांनी शेजारच्या काकूंना विचारून काढलं, साठ-पासष्ट लिटर. एका ड्रममधून घाणा एकच जमणार होता, आणि तोही अंघोळी दिवसाआड केल्या तर. मग त्यांनी कुठलं पाणी कुठे जाईल ते लिहिलं. गव्हाचं पहिल्या दिवसाचं पाणी भांडी विसळायला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं संडासला. चिकावरचं पिवळं पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला. तो कढीपत्ता आईने लावलेला, तिसऱ्या वर्षात होता, आणि फेब्रुवारीपासून त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, प्यायलाच नव्हतं तर झाडाला कुठलं घालणार. खाली खोडापर्यंत वाळला होता, मी तर मेला असंच धरून चालले होते.

पहिला घाणा आम्ही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घातला आणि तो वाया गेला. पहाटे चारला उठलो, कारण कुरडया उन्हाच्या आधी घालून झाल्या पाहिजेत. अप्पांनी आधण ठेवलं, मीठ हिंग टाकलं, उकळी आली आणि पातेलंच उचलून चीक भसकन ओतला आणि मग चाटू शोधायला लागले. दोन मिनिटांत गुठळ्या. लाडवाएवढ्या गुठळ्या, बाहेरून शिजलेल्या आणि आत कच्चं पांढरं पीठ. आम्ही दोघांनी चाटूने, उलथण्याने, शेवटी हाताने फोडायचा प्रयत्न केला, अप्पांची बोटं भाजली, काही उपयोग नाही. सोऱ्यात भरलं तर एकेक गुठळी येऊन भोकं बंद. साठ लिटर पाणी आणि आईचा पाच किलो निवडलेला गहू. अप्पा ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसले, आणि रडले. आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. सगळी पाहुणे मंडळी होती तेव्हा, ते नुसते सगळ्यांना पाणी देत फिरत होते. त्या दिवशी गुठळ्यांच्या पातेल्यासमोर रडले, मीही रडले, आणि आम्ही एकमेकांना गप्प कर म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात आत्या आली. आत्याचा आमच्यावर जीव होता, तेराव्यापर्यंत तिनेच सगळं केलं होतं, म्हणून तिच्याबद्दल वाईट लिहायचं नाहीये. पण ती आली आणि पातेलं, ड्रम, लाल वही सगळं बघून म्हणाली, "काय करूलालास रे हे? पोरगी एवढी मोठी झाली, तिच्यावर टाक की घर. दहावी झाली, आता आर्टला घाल, घरचं बघत बघत शिकेल." मी आतल्या खोलीत होते. मला सायन्स घ्यायचं होतं, हे मी आईला सांगितलं होतं, अप्पांना नाही. लातुरात सायन्स म्हणजे काय असतं ते लातूरवाल्यांना माहितीय, कॉलेज, क्लास, सकाळी सहा ते रात्री नऊ, दोन वर्षं घरात मूल नसल्यासारखंच. मी भिंतीला कान लावून उभी होते आणि अप्पा काही बोलतच नव्हते. मला वाटलं झालं. मग त्यांचा आवाज आला, हळू, हिशोब सांगताना येतो तसा. "ताई, घर मी बघतो. तिच्या आईनं मला सांगून ठेवलंय, सायन्सला घालायचं."

म्हणजे आईने सांगितलं होतं. कधी, ते मी आजवर विचारलेलं नाही.

आत्या काही वेळ गप्प बसली. मग पदर खोचून उठली आणि म्हणाली, "बरं. पण आधी मला सांगा, चीक कुणी ओतला होता?" अप्पा म्हणाले मीच, आणि हाटलाही मीच. आत्या म्हणाली, "एका माणसाचं काम हाय का ते?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ओतायचं काम तर माझं होतं! दरवर्षी, सात-आठ वर्षांची असल्यापासून. आई चाटू घेऊन बसायची आणि मी तांब्याने चीक सोडायचे, ती पातेल्यातून डोळे वर न काढता म्हणायची, "बारीक सोड, धार तुटू देऊ नको, आता थांब, आता सोड." धार किती बारीक, ते मला शब्दात सांगता येणार नाही पण हाताला माहीत होतं. आणि ती ओतायच्या आधी चीक तळापासून ढवळून घ्यायची, कारण खाली घट्ट बसतो आणि वर पातळ राहतो, हेही तिने कधी शिकवलं नव्हतं, मी बघितलं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात टँकर आला त्या दिवशी दुसरा घाणा भिजवला. गहू वाटायला काकूंचा मिक्सर आणला, आमचा तापून बंद पडायचा. आत्याने पिळायला दाखवलं, चोथा असा घट्ट पिळायचा की मुठीतून शेवटी नुसता थेंब येतो, आणि तो चोथा टाकायचा नाही, त्यात तिखट-मीठ-तीळ घालून भुसवड्या. पहाटे आधण ठेवलं. अप्पांनी चाटू दोन्ही हातांनी धरला, पातेलं सरकू नये म्हणून आत्याने फडक्याने धरलं, आणि मी तांब्या घेतला.

धार सोडली. अप्पा हाटत होते आणि मी बघत होते, पांढरं दूध पाण्यात पडतं, गोल फिरतं, मग एकदम जड होतं. जड व्हायला लागलं की मी थांबायचे. अप्पांना वेग पकडू द्यायचा. मग परत. आपोआप माझ्या तोंडातून निघालं, "आता थांबा अप्पा, आता हाटा," आणि माझा आवाज आईसारखा आला. अप्पांनी वर बघितलं नाही. पण त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता आणि ते जोर लावून हाटत होते, आडतीवर शंभर किलोचं पोतं ढकलणारा माणूस असतो ना तसे. पंधरा-वीस मिनिटांनी पांढरा रंग गेला आणि चीक काचेसारखा झाला, चाटूवरून पडताना चकाकणारा. आत्याने ओल्या बोटाने टोचून बघितलं, बोटाला चिकटला नाही. झाकण ठेवून वाफ काढली. एकही गुठळी नव्हती.

वाटीभर चीक काढून त्यात तूप-साखर घालून तिघांनी उभ्याउभ्याच खाल्ला. दरवर्षी पहिली वाटी मला मिळायची. त्या वर्षी मी ती अप्पांना दिली, त्यांनी निम्मी खाऊन परत माझ्या हातात दिली.

गच्चीवर आईची जांभळी वॉयलची साडी अंथरली होती. ती साडी कुरडयांचीच, आई नेसायची बंद झाल्यावर किती वर्षं वाळवणालाच वापरली जायची. सोऱ्या दाबायला आत्या, मग अप्पा, मग मी. अप्पांची वेटोळी आधी लांबलचक यायची, मग जमायला लागली, आणि जमल्यावर तर त्यांनी ओळी अशा घातल्या की वर-खाली, डावी-उजवी सगळं सरळ रेषेत, वहीत आकडे मांडल्यासारखं. आई गोल गोल आतून बाहेर घालत जायची. दोन दिवसांच्या उन्हात खडखडीत वाळल्या. पहिल्या चांगल्या घाण्याच्या पावणेदोन किलो भरल्या, पुढच्या दोन घाण्यांना सव्वादोनच्या पुढे गेलो. आत्या दुसऱ्या घाण्यानंतर गावी गेली, पुढचे आम्ही दोघांनीच केले, शेवटचा मेअखेरीस. तरी नऊ किलो काही भरले नाहीत, साडेसहाच्या आसपास थांबलो, पहिला घाणा गेला होता ना. अप्पांनी ज्यांना कमी पडल्या त्यांना हिशोबाने पैसे परत दिले, नको नको म्हणत असताना दिले.

आणखी एक गोष्ट लिहायची का नको असा विचार करत होते, पण लिहिते. मेमध्ये मला पाळी आली त्या दिवशी ड्रममध्ये तळाला पाणी होतं. घाणा होऊन गेलेला, टँकरला अजून तीन दिवस. आई असताना हे सगळं तिच्याशी बोलायचं असायचं, अप्पांसमोर तो शब्दसुद्धा घरात कधी निघाला नव्हता. मी सकाळी बाथरूममध्ये गेले तर एक बादली भरलेली होती, वर ताट झाकलेलं. मला वाटलं चुकून ठेवलीय, मी हात लावला नाही. अप्पा बाहेरून म्हणाले, "ती तुझी आहे. खर्चात धरलेली आहे." नंतर लाल वही उघडून बघितली तर महिन्यातल्या चार तारखांपुढे उजव्या बाजूला एकेक बादली लिहिलेली, नाव काही नाही, नुसती बादली. त्यांना तारखा कशा कळल्या? आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर माझ्या तारखांना पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची. जानेवारीच्या पानावर शेवटचं टिंब होतं. अप्पांनी मागची पानं उलटून अंतर मोजलं होतं. कपाटात माझे पॅडही होते, दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले, ते वर्तमानपत्रही त्यांनी काढलं नव्हतं. त्याच्यावर आम्ही तेव्हाही बोललो नाही आणि आजही बोलत नाही. पण त्या दिवसापासून मला घरात आई नाहीये म्हणून भीती वाटायची ती कमी झाली, एकदम गेली नाही, कमी झाली.

कुरडया पोचवायला आम्ही दोघं लुनावर जायचो, मी मागे डबा मांडीवर धरून. सातपैकी एका घरात आजी होत्या, त्यांना आई गेल्याचं माहीतच नव्हतं. त्यांनी डबा उघडला, एक कुरडई हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाल्या, "औंदा हात बदलला वाटतं." अप्पांनी सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत, आत गेल्या, आणि माझ्या ओंजळीत खडीसाखर ठेवली. परत येताना अप्पा म्हणाले, "तिला कुरडईवरून कळलं बघ." ते वाईट वाटून म्हणाले का अभिमानाने म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटतं दोन्ही असेल.

६ जूनला दहावीचा निकाल लागला, ८७ टक्के. सायन्सला ॲडमिशन झालं, फॉर्मवर आईच्या नावापुढे काय लिहायचं विचारायला अप्पा दोनदा खिडकीवर जाऊन आले. कॉलेज सुरू झालं आणि डबा अप्पांचाच, पोळ्या गोल झाल्या होत्या तोवर. पाण्याची गाडी ऑगस्टपर्यंत येत राहिली.

आणि मग सप्टेंबरच्या शेवटी तो पाऊस आला. चार-पाच दिवस नुसता कोसळला, ज्या मांजरा धरणात चार महिन्यांपूर्वी लोकांनी तडे गेलेली माती बघितली ते भरलं. नळाला पाणी आलं त्या दिवशी गल्लीत बायका नळाला हळदकुंकू लावत होत्या. अप्पांनी मला विचारलं, "ती साडी कुठंय?" जांभळी साडी उन्हाळाभर धुतलीच नव्हती, धुणार कशाने, घडी करून कोठीवर ठेवली होती. उलगडली तर तिच्यावर कुरडयांचे पांढरे गोल तसेच होते, कडक झालेले, अप्पांच्या सरळ ओळी. मला ती धुवावीशी वाटत नव्हती. अप्पा म्हणाले, "पुढच्या वर्षी लागंल की."

बादलीत भिजवली तर पाणी दुधासारखं झालं. आम्ही दोघांनी दोन टोकं धरून पिळली आणि गच्चीवर वाळत टाकली. बादलीतलं पाणी मी मोरीत ओतायला निघाले, नळ भरभरून वाहत होता तरी अप्पांनी ती माझ्या हातातून घेतली आणि अंगणात नेली. कढीपत्त्याला बुंध्यापासून वीतभर वर चार नवे कोंब आले होते. त्यांच्या मुळाशी त्यांनी ती ओतली, हळूहळू, बारीक धारेने.